पन्नासची काच

मेहुणा दोह्याला गेला तेव्हा
कॅमेऱ्याची नुसती बॉडी माझ्याकडे ठेवून गेला.
लेन्स आधीच विकली होती,
तिकिटासाठी की कशासाठी, मी विचारलं नाही.
आठ महिने तो कपाटात,
तोंडाला झाकण, शेजारी हिच्या इरकलीची घडी,
मोतीबिंदूची तारीख न मिळालेल्या
म्हाताऱ्यासारखा गप्प.

सहा हजार पाचशे.
चौदा नाइट ड्युट्या,
आणि घरखर्चातून हिने न बोलता बाजूला काढलेले सातशे.
लिफाफ्यावर हिच्या अक्षरात: भिंग.

मला पाहिजे होती लांबचं ओढून आणणारी.
शिवडीच्या जेट्टीवर मी तीन हिवाळे उभा आहे,
दुसऱ्यांच्या तोफांशेजारी.
मला रोहित पक्षी म्हणजे चिखलावर
गुलाबी खडूची एक रेघ.
त्यांच्या पडद्यावर मात्र
पंखाच्या कडेचं काळंसुद्धा.

बोरा बाजार, दुसरा मजला,
जिन्याला दोराचा कठडा.
"बजेट बोला आधी," मुस्तनसिरभाई म्हणाले,
"पक्षी नंतर."

हिरव्या फेल्टवर पहिली ठेवली: सत्तर-तीनशे.
अकरा हजार.
"घासाघीस केलीत तर दहा.
रडलात तर नऊ सातशे."
मला रडता येत नाही गिऱ्हाईक म्हणून.

दुसरी त्याच जातीची, पाच हजारांत.
मी हरखलो. त्यांनीच टॉर्च लावला मागून.
आत, काचेच्या कडेला, पांढरी जाळी.
"बुरशी. मुंबईची हवा, साहेब. सोडते का कुणाला?"

ही जाळी माझ्या ओळखीची.
रोज पंचवीस-तीस छात्या जातात माझ्या हाताखालून,
कुर्ल्याच्या, गोवंडीच्या, चेंबूर कॅम्पातल्या,
आणि एखादीच्या वरच्या कोपऱ्यात असंच,
पिंजून ठेवल्यासारखं.
रिपोर्ट डॉक्टर लिहितात.
मी फक्त बाहेर जाऊन सांगतो, कागद उद्या मिळेल,
आणि सांगताना त्या माणसाच्या चपलांकडे बघतो.

"दुसऱ्या लेन्सांजवळ ठेवू नका हिला."
"नाही ठेवत. वेगळी झोपते ती."

मग तिसरी.
प्लास्टिकची, वड्याएवढी, वजन जवळजवळ नाहीच.
पन्नास. चार हजार आठशे.
"हिला झूम नाही. पुढे जायचं तर चालायचं."
"चिखलात?"
"चिखलात गेलात तर पक्षी उडेल.
मग दुसरं काहीतरी काढा."

मी परत पहिलीकडे बघितलं.
एकदा उचललीसुद्धा.
नऊ सातशेतून सहा पाचशे वजा केले मनात,
हप्ते पाडले, एक हप्ता गॅसच्या सिलिंडरवर आदळला,
ठेवून दिली.

"ही उघडते किती बघा," ते म्हणाले,
आणि पाती सरकली,
आतलं भोक एवढं मोठं झालं
की त्यात पंखा दिसला, ट्यूबलाइट दिसली,
माझी स्वतःची बोटं उलटी.
"रात्री चालेल. कमी उजेडात."
कमी उजेड माझ्याकडे पुष्कळ आहे.
रात्री तीनचा कॉरिडॉर,
स्ट्रेचरवरच पाय पोटाशी घेऊन झोपलेला वॉर्डबॉय रघुवीर,
डेव्हलपरच्या जुन्या खोलीत, आता जिथे बादल्या असतात,
तिथला पिवळा दिवा.
हे कुणी काढायचं असतं,
असं मला वाटलंच नव्हतं कधी.

लावून बघितली. खट्.
त्यांचा चेहरा धरला तर फार जवळ आला.
मागे सरकलो. आणखी मागे.
पाठ कपाटाला लागली
तरी एक कान बाहेर राहिला. राहू दे.

आणि सवयीने, अठरा वर्षांच्या,
तोंडातून गेलं:
"श्वास घ्या. धरून ठेवा."

सत्तरीच्या मुस्तनसिरभाईंनी
सोनेरी काठाची टोपी सरळ केली,
छाती भरून घेतली, धरली.

पडद्यावर:
भुवईचा एकेक पांढरा केस टोकदार,
कानापाशी धुकं सुरू,
मागच्या फळीवरच्या सगळ्या लेन्सा
विरघळून उजेडाचे गोळे झालेल्या.
मी बघत राहिलो.
किती वेळ, कुणास ठाऊक.

समोरून आवाज आला,
आवळलेल्या गळ्यातून:
"सोडू का, साहेब?"